डावा हात

रविवारी दुपारी वरचे काका व्याह्यांच्या गाडीतून उतरले, तेव्हा एक पाय जमिनीवर आला आणि दुसऱ्याने यायला साफ नकार दिला. व्याही वळसा घालून दार धरायला आले. काका म्हणाले, छे छे, काही नाही, पाय जरा आखडलाय. आणि दाराची कड धरून ते असे उभे राहिले, जणू मुद्दामच थोडा वेळ हवा खात उभं राहायचं होतं. व्याही त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, निवृत्त झालेले दातांचे डॉक्टर. अठरा खड्ड्यांचा गोल्फ खेळून आलेला हा माणूस नुकताच आंघोळ करून निघाल्यासारखा दिसत होता. काकांना त्याचाच जास्त राग आला.

काका टॉवर क्रेन चालवत. सव्वीस वर्षं त्यांचा दिवस साठ मीटर उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये जात होता, म्हणून साइटवर लहानथोर सगळे त्यांना ‘वरचे काका’ म्हणत. घरात मात्र या नावाला बंदी होती. एकदा फोनवर एका नव्या पोराने त्यांच्या बायकोला ‘काका मघाशीच वर गेले’ असं सांगितलं होतं, आणि त्या बाई मटकन खाली बसल्या होत्या.

गोल्फची भानगड तशी साधी होती. लेकीच्या लग्नाला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत व्याह्यांनी त्यांना चार वेळा खेळायला बोलावलं. चार वेळा चार सबबी झाल्या. पाचव्यांदा नाही म्हणणं म्हणजे सोयरिकीचा अपमान. तरीही ते गेले नसते, पण व्याही सहज बोलून गेले, ‘पण तुम्हाला झेपेल ना?’ चार टनांचं ओझं हवेत तरंगवून टाचणीच्या टोकावर ठेवणाऱ्या माणसाला एवढासा चेंडू झेपेल का! काका म्हणाले, त्यात काय, डाव्या हातचा मळ आहे. बोलणाऱ्याचं तोंड सुटतं आणि भोगावं लागतं अंगाला.

मैदानावर त्यांनी पहिली चूक केली ती पिशवीची. व्याह्यांनी चाकांची गाडी आणली होती. काका म्हणाले, माझी मी उचलतो. दुसरी चूक मोठी होती, आणि ती फक्त क्रेनवालाच करू शकतो. व्याही सांगून सांगून थकले की काठी हलक्या हाताने धरा, मुठीत अंडं आहे असं समजा. पण काकांचा डावा हात सव्वीस वर्षं एकच गोष्ट शिकला होता. क्रेनच्या दांड्याला एक बटण असतं. ते दाबलेलं असेल तरच क्रेन हलते, आणि बोटं सैल पडली की जागच्या जागी थांबते. चालवणाऱ्याला भोवळ आली, झटका आला, तर हात आपोआप सुटावा आणि खालची माणसं वाचावीत, यासाठी ती सोय. म्हणून ओझं हवेत असताना मूठ सोडायची नाही, हे काकांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी ती काठी दांड्यासारखी आवळली. चेंडू मारताना आवळली, आणि एका खड्ड्याकडून दुसऱ्याकडे चालतानाही आवळूनच धरली. साडेचार तास.

खेळ संपल्यावर व्याही झाडाखाली उभे राहून हात-पाय ताणू लागले. दहा मिनिटं ताण द्या, नाहीतर उद्या उठवणार नाही, असं त्यांनी बजावलं. चारचौघांत बगळ्यासारखं एका पायावर उभं राहायचं काकांना काही पटेना. ते सरळ गाडीत जाऊन बसले आणि पाऊण तास तसेच बसून राहिले.

आता निरोप घेताना व्याह्यांनी पुन्हा यादी वाचली. भरपूर पाणी, कोमट पाण्याचा शेक, थोडं चालणं, आडवं होऊन राहायचं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘आणि अंग आखडल्याचं आमच्या चिरंजीवांना एवढ्यात सांगू नका. उद्या तुमचं काहीतरी मोठं काम आहे म्हणे. मला ओरडेल तो.’

काम खरोखरच मोठं होतं. चिरंजीव म्हणजे काकांचे जावई, आणि जावई म्हणजेच साइटचे मुख्य इंजिनियर. नव्या हॉस्पिटलच्या गच्चीवर वातानुकूलनाचं चार टनांचं यंत्र चढवायचं होतं. त्यासाठी समोरचा हमरस्ता सोमवारी सकाळी सात ते दहा बंद ठेवायची परवानगी जावयांनी तीन महिने खेटे घालून मिळवली होती. आणि यंत्र उचलणार होते काका. दुसऱ्या कुणाचं नावच निघालं नव्हतं.

काकांनी जिन्याचा कठडा धरून दोन मजले चढून घर गाठलं. बायको शिलाई मशीनवर कुणाच्या तरी कोटाच्या बाह्या आखूड करत होती. जन्मभर लोकांची मापं घेतलेली बाई. तिने चष्म्यावरून एकदाच बघितलं आणि म्हणाली की डावा खांदा दोन बोटं खाली आलाय. काका म्हणाले, तुझं आपलं काहीतरीच. मग तिने चहा पुढे केला. काकांनी कप उजव्या हाताने घेतला. गेली तेहेतीस वर्षं ते डाव्या हाताने चहा पीत आले होते. तिचं मशीन पुन्हा सुरू झालं नाही.

मग घरातल्या घरात डागडुजी सुरू झाली. काका जमिनीवर उताणे पडले आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या. कमरेखाली गरम पाण्याची पिशवी आली. बादलीत कढत पाणी आणि मूठभर मीठ टाकून अर्धा तास पाय बुडवून झाले. खांद्यावर मलम चोळलं, तेव्हा त्याच्या वासाने बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं. दर तासाला ते उठून स्वयंपाकघर ते खिडकी अशा वीस फेऱ्या घालत, आणि प्रत्येक वेळी उठताना तोंडातून निघणारा आवाज खोकल्यात लपवत. संध्याकाळपर्यंत कंबर बऱ्यापैकी माणसात आली. मांड्याही कुरकुरत का होईना, वाकू लागल्या. व्याह्यांची यादी खरी ठरत होती. हात सोडून सगळं सुधारत होतं.

डाव्या हाताची शेवटची दोन बोटं दुपारपासून बधिर होती. ते एक वेळ चाललं असतं. पण सहाच्या सुमाराला काकांनी नळ बंद करायला मूठ वळली आणि ती उघडेना. बोटं आत वळून तशीच राहिली, दुखलीही नाहीत. काकांनी उजव्या हाताने एकेक बोट धरून मोकळं केलं. न्हाणीघराचं दार लावून घेऊन त्यांनी पुन्हा करून बघितलं. मूठ मिटायची, पण आपली आपण उघडायची नाही. पाच वेळा केलं, त्यातल्या चार वेळा असंच झालं.

काकांनी आरशात स्वतःच्या तोंडाकडे बघितलं. दांड्यावरचं ते बटण, ती सगळी सोय एकाच भरवशावर उभी होती, की माणसाचा हात बिघडला तर तो सुटतो. त्यांचा हात बिघडला होता आणि तो सुटत नव्हता.

साडेसातला जावयांचा फोन आला. घरी ते काकांना बाबा म्हणत, साइटवर काका. आणि काका त्यांना घरी जावईबापू म्हणत, साइटवर साहेब. दोघांनीही ही शिवण दोन वर्षं उसवू दिली नव्हती. जावयांनी सगळं पुन्हा एकदा सांगितलं. साडेसहाला हजर, सातला रस्ता बंद, दहाला काहीही झालं तरी मोकळा. पुढची तारीख मिळायला किती आठवडे लागतील ते देव जाणे, आणि वरचे साहेब स्वतः बघायला येणार आहेत. मग जरा थांबून म्हणाले, ‘बाबा, तुम्ही आहात म्हणून मी आज निवांत झोपणार आहे.’

‘झोपा, जावईबापू,’ काका म्हणाले. फोन त्यांनी उजव्या हातात धरला होता.

बायको दारात उभी होती. तिने पुढे येऊन त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला, मूठ वळवली आणि सोडली. मूठ तशीच राहिली. बाईने त्या मुठीकडे बराच वेळ बघितलं.

‘तुम्ही सांगताय जावयांना, की मी सांगू?’

काका चिडले. सांगून काय होणार, सकाळपर्यंत बरा होईल, एका हाताच्या कुरबुरीसाठी पोराची तीन महिन्यांची मेहनत पाण्यात घालायची का, आणि वर असं सांगायचं की तुझ्या बापाबरोबर खेळायला गेलो होतो? तिकडे आपल्या लेकीला काय काय ऐकावं लागेल? बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. तेव्हा काकांना एक वाट सापडली.

‘सकाळी शिट्टीला हात देणारच आहे ना मी,’ ते म्हणाले. ‘तो काय ते ठरवेल.’

हे ऐकताच बाईंचा चेहरा सैल झाला. त्याला कारण होतं. शिट्टी म्हणजे काकांचा सिग्नलवाला. ओझ्याजवळ उभं राहून वरच्याला इशारे द्यायचे, हे त्याचं काम. आता सगळं वॉकीटॉकीवर चाले, पण त्याच्या गळ्यात जुनी पितळी शिट्टी अजून लटकत असे, म्हणून ते नाव. या दोघांची एक रीत होती, कुठल्या नियमांच्या पुस्तकात नसलेली. रोज सकाळी क्रेनच्या शिडीच्या पायथ्याशी काका शिट्टीला हात देत. शिट्टी तो दाबे, आणि दाबताना हाताकडे कधी बघत नसे, काकांच्या तोंडाकडे बघे. मग म्हणे, ‘जा वर.’ एकोणीस वर्षांत दोनदाच तो ‘जा घरी’ म्हणाला होता. एकदा काकांना ताप होता, आणि एकदा आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ते कामावर आले होते. दोन्ही वेळा काकांनी तोंडभर हसून दाखवलं होतं आणि दोन्ही वेळा त्याने ओळखलं होतं. बाईंचा देवापेक्षा शिट्टीवर जास्त विश्वास होता. त्या जेवायला वाढायला गेल्या.

काका बसून राहिले. बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त हात द्यायचा तो उजवा असतो, एवढं बाईंना सुचलं नव्हतं. काकांना सुचलं होतं.

सकाळी काका साडेपाचला उठले. कंबर ठीक होती, पाय ठीक होते. कोमट पाण्यात हात बुडवून त्यांनी तो अर्धा तास चोळला. मूठ वळली, उघडली. पुन्हा वळली, पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा करून बघायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनी कामाचे हातमोजे चढवले आणि ते निघाले. जिन्यात बायकोने नेहमीसारखी आठवण करून दिली की हात नीट द्या. ते हो म्हणाले.

साइटवर जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. रस्त्याच्या दोन्ही टोकांना अडथळे लागले होते. ते अवाढव्य यंत्र ट्रकवर ताडपत्रीखाली बसलं होतं. जावई हातात कागद घेऊन वरच्या साहेबांना काहीतरी समजावत होते आणि काकांना बघून त्यांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यात इतका विश्वास होता की काकांना मान खाली घालावी लागली.

शिट्टी शिडीच्या पायथ्याशी उभा होता.

‘काल फोन उचलला नाहीस,’ तो म्हणाला.

‘व्याह्यांकडे होतो.’

काकांनी उजवा हातमोजा काढून हात पुढे केला. शिट्टीने दाबला. हात गरम होता, घट्ट होता, सव्वीस वर्षांच्या घट्ट्यांसकट जसाच्या तसा होता. शिट्टी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ. काकांना वाटलं, ओळखलं याने. एकीकडे धसका बसला, आणि दुसरीकडे वाटलं की ओळखून टाक बाबा एकदाचं, माझी सुटका कर.

‘झोप नाही झाली का?’

‘मोठं काम आहे ना.’

शिट्टीने मान डोलावली. गच्चीच्या कठड्यापाशी आज तो स्वतः उभा राहणार होता. तिथे मागे पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे दुसऱ्या कुणाला उभं करायला त्याचं मन घेत नव्हतं. ‘तू आहेस म्हणून उभा राहतोय,’ तो म्हणाला. ‘जा वर.’

काका शिडी चढू लागले. वरपर्यंत एकूण दोनशे पायऱ्या, दर वीस पायऱ्यांनी एक फळी. ते दर पायरीला मनात आकडा म्हणत. काका पहिल्या फळीपर्यंत पोचले की खालून निघायचं, ही शिट्टीची सवय होती, म्हणजे तो अजून खालीच होता. सात, आठ, नऊ. पाय चांगले चालत होते. बारा, तेरा. चौदाव्या पायरीला डाव्या हाताने गज पकडला आणि उजवा वर गेला. मग डावा सोडायची वेळ आली.

डावा सुटला नाही.

काकांनी हात ओढला. मूठ गजाला तशीच. मोज्याच्या आत ती बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी बसली होती. काकांनी पट्ट्याचा हूक शिडीला अडकवला आणि पाठ शिडीभोवतीच्या लोखंडी कड्यांना टेकवून उजवा हात मोकळा केला. मग त्यांनी डाव्या हाताचं एकेक बोट मोज्यासकट गजावरून सोडवलं. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. घामाने सगळं निसटत होतं. अंगठा सुटला तेव्हा ते धापा टाकत होते.

खालून कुणाला काही कळलं नव्हतं. पट्टा नीट करायला माणूस थांबतोच. काकांचं डोकं भराभर चालायला लागलं. हात मिटलेला राहिला तरी कोपरापासून ढकलून दांडा मागे आणता येतो. थोडा झटका बसेल, ओझं थोडं झुलेल. शंभरातल्या नव्वद वेळा काहीच होणार नाही. मग त्यांना तो कठडा आठवला, ज्याच्या मागे पाय ठेवायला जागा नव्हती. चार टनांचं यंत्र हातभर झुललं तरी पुरे होतं.

त्यांनी खाली बघितलं. शिट्टी मान वर करून उभा होता. काका थांबलेले बघून त्याने अंगठा वर केला, काही घाई नाही, सावकाश. काकांना रडू फुटायची वेळ आली. भीतीने नव्हे, लाजेने. या माणसाने आपल्या हाती जीव दिला होता, आणि आपण त्याला हात दिला तो निवडून दिला होता.

चौदा पायऱ्या उतरायला त्यांना चढण्याच्या तिप्पट वेळ लागला. डावा हात त्यांनी वापरलाच नाही. जमिनीवर पाय लागले तेव्हा शिट्टी जवळ आला. काकांनी डावा हात पुढे केला.

शिट्टीने तो घेतला आणि म्हणाला, ‘दाब.’

काकांनी दाबला. मूठ शिट्टीच्या हाताभोवती मिटली आणि मिटूनच राहिली. दोघं तसेच उभे होते. शिट्टीने क्षणभर वाट बघितली, मग त्याला कळलं. दुसऱ्या हाताने त्याने काकांची बोटं आपल्या हातावरून एकेक करून सोडवली. तो हे फार हळुवारपणे करत होता, आणि काकांना त्यापेक्षा त्याने कानाखाली वाजवली असती तरी बरं वाटलं असतं.

‘कधीपासून?’

‘कालपासून. व्याह्यांबरोबर गोल्फ खेळलो.’

‘घरी माहीत आहे?’

‘आहे. तिला वाटलं, तू ओळखशील.’

शिट्टीने मान हलवली. ‘मघाशी उजवा दिलास तू मला.’

‘हो,’ काका म्हणाले.

शिट्टीने गळ्यातली पितळी शिट्टी तोंडात घातली आणि एक लांबलचक फुंक मारली. काम बंद करण्याची ती खूण सगळ्यांना ठाऊक होती. जावई धावत आले. काकांनी त्यांना सगळं सांगितलं, व्याह्यांचं नाव वगळून. पण जावई काही दूधखुळे नव्हते. त्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. त्यात वडिलांनी काल खेळ सुरू असतानाच मोठ्या कौतुकाने पाठवलेला फोटो होता: टोपी घातलेले काका, दोन्ही मुठींत काठी, दात आवळलेले. ‘मी विचारायला हवं होतं, बाबा,’ ते म्हणाले. साइटवर ते पहिल्यांदाच बाबा म्हणाले होते, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग ते वरच्या साहेबांकडे गेले. काका लांबून बघत होते. साहेब बोलत होते आणि पोरगा मान खाली घालून ऐकत होता. आठ वाजायच्या आत रस्त्यावरचे अडथळे निघाले आणि वाहनं धावू लागली. ट्रक आपलं ताडपत्रीखालचं यंत्र घेऊन आल्या वाटेने परत गेला.

डॉक्टरांनी काही घाबरण्यासारखं नाही म्हणून सांगितलं. मनगटापाशी सूज होती, शीर दबली होती. नऊ दिवस मनगटाला पट्टी, कोमट पाणी, आणि एक मऊ रबरी चेंडू हळूहळू दाबून सोडायचा. सोडण्याकडे जास्त लक्ष द्या, असं ते म्हणाले. बायकोने त्या नऊ दिवसांत एकदाही टोमणा मारला नाही. पण कामावर निघताना ‘हात नीट द्या’ हे जे ती म्हणत असे, ते तिने पुन्हा कधी म्हटलं नाही.

दहाव्या दिवशी काका डॉक्टरांचा कागद घेऊन साइटवर गेले. जावयांनी कागद वाचून सही केली. शिडीच्या पायथ्याशी शिट्टी उभा होता. दोघं हवापाण्याचं बोलले. गच्चीच्या कामाला अजून तीन आठवडे होते, ते शिट्टीने सांगितलं. मग काकांनी उजवा मोजा काढला आणि हात पुढे केला.

शिट्टीने तो घेतला नाही. तो नुसता थांबून राहिला.

काकांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी डावा मोजाही काढला आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. शिट्टीने दोन्ही घेतले, दाबले, ‘आता सोड’ म्हणाला, आणि बोटं उघडेपर्यंत वाट बघितली. दहाच्या दहा बोटं उघडली.

‘जा वर,’ तो म्हणाला.

एकोणीस वर्षं हात घेताना तो काकांच्या तोंडाकडे बघत आला होता. आज तो हातांकडे बघत होता.